आधी मांडवात जाऊन बसा : सपाट चित्रं आणि थ्रीडी एकाच खेळात

माझे बाबा नाटकांचे पडदे रंगवायचे. गोव्यात माशेल, फोंडा, डिचोली या पट्ट्यात जत्रेला नाटक होत नाही असं गाव शोधावं लागेल. त्यामुळे दिवाळी सरली की आमच्या पडवीत कायम कुठला तरी दरबार नाहीतर जंगल वाळत पडलेलं असायचं. नवा पडदा हाती घेतला की बाबा रंग कालवायच्या आधी त्या गावी जात, देवळासमोरच्या मांडवात साधारण मधोमध मांडी घालून बसत आणि रिकाम्या रंगमंचाकडे दहा मिनिटं नुसते बघत राहत. मला वाटायचं, चहा येईपर्यंतचा हा वेळकाढूपणा.

आता मी घरी बसून खेळांसाठी चित्रं करते आणि फावल्या वेळात माझा स्वतःचा एक छोटा खेळ रखडवते आहे. एक आजी कुळागरातून, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेतून निघते, देवळाच्या प्राकारातून धक्क्यावर उतरते आणि चोडणची शेवटची फेरीबोट गाठते, एवढीच गोष्ट. आजी हाताने काढलेली, म्हणजे सपाट. देऊळ अर्धं थ्रीडी. फेरीबोट पूर्ण थ्रीडी. ही तिन्ही एकाच गावची वाटावीत यासाठी जे करावं लागलं, ते इथे लिहिते. मी गोडोट हे खेळ बनवायचं इंजिन वापरते, कारण ते फुकट आहे आणि माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर चालतं. थ्रीडी मॉडेलं ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये. तुमचं इंजिन दुसरं असेल तर बटणांची नावं बदलतील, भूमिती तीच राहील.

कॅमेरा किती हलणार?

सगळं इथे ठरतं, आणि बहुतेक लोक हे सगळ्यात शेवटी ठरवतात. बाबांचा तो मांडव म्हणजे आपला कॅमेरा. नाटकाला आलेला माणूस जागचा हलत नाही, म्हणून दरबाराचा खांब कापडावर रंगवला तरी चालतो. तोच माणूस उठून रंगमंचावर हिंडणार असेल तर खांब लाकडाचाच हवा. खेळातली प्रत्येक वस्तू या प्रश्नावर घासून बघा : ही कधी बाजूने दिसणार आहे का? नसेल, तर तिला बाजू देण्यात वेळ घालवू नका.

जुन्या खेळांत हा हिशेब उघड दिसतो. १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये कॅमेरे जागोजागी ठोकून बसवलेले होते. म्हणून तो अख्खा वाडा आधीच तयार केलेल्या स्थिर चित्रांचा ठेवता आला आणि त्यावर थ्रीडी माणसं चालली. १९९३ च्या ‘डूम’मध्ये उलटं होतं. तिथे खेळाडू खोल्यांमधून कुठेही फिरतो, म्हणून भिंती-जमिनीला खरी खोली, पण राक्षस सपाट. तुम्ही कुठेही उभे राहा, राक्षसाचं चित्र तुमच्याकडेच तोंड करून उभं. आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली आणलेला ‘राजी’ बघा : खेळणं थ्रीडीत, पण मधली गोष्ट छायाबाहुल्यांच्या खेळासारखी सपाट सांगितलेली. आमच्या सीमेपलीकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत चामड्याच्या बाहुल्या अजून नाचवतात. ते पाहिलं असेल तर सपाट बाहुली नुसती दिव्याच्या जवळ-लांब नेऊन केवढी लहान-मोठी होते, हे वेगळं सांगायला नको.

माझ्या खेळात तीन जागा, म्हणून तीन कॅमेरे. कुळागरात तो फक्त डावी-उजवीकडे सरकतो. देवळात वरून तिरका, न वळणारा. धक्क्यावर थोडा वळतो. पुढचं सगळं यावरून निघालं.

कुळागर

कॅमेरा फक्त आडवा सरकणार असेल तर तुम्ही सुखी आहात. झाडं सपाट काढा, पुठ्ठ्यासारखी उभी करा, एकामागे एक. मी या सपाट चित्रांना पुठ्ठेच म्हणते. गोडोटमध्ये त्यासाठी स्प्राइट-थ्रीडी नावाचा नोड, म्हणजे तयार घटक, आहे. १९८२ च्या ‘मून पॅट्रोल’मध्ये मागचे डोंगर सावकाश आणि पुढची जमीन भरभर सरकवून खोलीचा भास केला होता. आज ते वेग आपण मोजत बसायची गरज नाही. पुठ्ठे खरोखरच्या अंतरावर ठेवा आणि कॅमेरा पर्स्पेक्टिव्हचा, म्हणजे लांबची वस्तू लहान दाखवणारा ठेवा, बाकीचं आपोआप होतं. ‘हॉलो नाइट’चे थर असेच खऱ्या अंतरावर मांडलेले आहेत.

माझी मांडणी अशी : केळी ५ मीटरवर, पोफळी १०, माड २०, पलीकडचा डोंगर ८०. कॅमेरा सरकला की केळी जितकी सरकते त्याच्या निम्मी पोफळ सरकते, पाव माड आणि डोंगर सोळावा हिस्सा. एक लक्षात ठेवा, पुठ्ठा दुप्पट लांब नेला की तो निम्मा दिसतो, म्हणून दुप्पट मोठा करावा लागतो. माझा डोंगर प्रत्यक्षात एखाद्या गावाएवढा पसरलेला आहे आणि पडद्यावर बोटभर दिसतो.

एवढं करूनही पहिल्यांदा ते कुळागर वाटेना. पत्ते उभे केल्यासारखे थर वेगवेगळे कळत होते. दोन गोष्टींनी फरक पडला. एक, जमीन पुठ्ठ्याची नको. जमीन थ्रीडीच ठेवा, कॅमेऱ्यापासून मागेपर्यंत सलग गेलेली, आणि तिच्यावर थरांना छेदत जाणारं काहीतरी घाला. मी पाण्याचा पाट घातला. तो केळीपुढून निघतो, पोफळींमधून वळतो आणि माडांमागे जातो. त्या एका पाटाने चार थर शिवून टाकले. दुसरी गोष्ट बाबांची. त्यांनी पडदे करताना ज्या विंगा रंगवल्या, त्यांत सगळ्यात पुढची नेहमी काळपट असायची. मीही आजीच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये दीड मीटरवर केळीचं एक गर्द, थोडं धूसर पान टांगलं. ते सर्रकन निघून जातं आणि मागचं सगळं आपोआप लांब जातं.

पानांचा घोळ

कुळागर सजलं आणि लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडायला लागला. कारण साधं आहे. पुठ्ठ्याचा पारदर्शक भागसुद्धा यंत्राला तपासावा लागतो. पोफळीचं चित्र चौकोनी, त्यात झाड बारीक आणि रिकामी जागा भरपूर. असे चाळीस चौकोन एकावर एक आले की पडद्यावरचा तोच ठिपका (पिक्सेल) चाळीसदा रंगवला जातो. उपाय असा की चौकोनाऐवजी झाडाच्या आकाराजवळून कापलेला बहुकोन वापरा. खोड आणि शेंडा वेगळे कापले तरी अर्धी रिकामी जागा जाते.

दुसरा घोळ पुढच्या-मागच्या क्रमाचा. अर्धपारदर्शक पुठ्ठे इंजिन मध्यबिंदूच्या अंतरावरून लावतं, त्यामुळे कधीतरी मागचं पान पुढच्या खोडावर येऊन बसतं. झाडापानांना अर्धपारदर्शकता लागतच नाही. स्प्राइटच्या अल्फा कटमध्ये डिस्कार्ड निवडा : ठिपका एकतर आहे, नाहीतर नाही. कडा थोड्या करकरीत होतात, पण क्रम चुकत नाही. चित्राच्या कडेला पांढरी किनार दिसली तर दोष पारदर्शक भागाखाली दडलेल्या रंगाचा असतो. आयात करताना फिक्स अल्फा बॉर्डर चालू आहे ना, ते बघा. धूर, धुकं, समईचा उजेड यांना मात्र खरी अर्धपारदर्शकता ठेवा. ती प्रकरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असू देत.

आजी

खरी परीक्षा देवळात झाली. इथे कॅमेरा ऑर्थोगोनल, म्हणजे लांबची वस्तू लहान न दाखवणारा, ३० अंश खाली झुकलेला आणि ४५ अंश वळलेला. ३० हा आकडा हौसेने घेतलेला नाही. या कोनात जमिनीची खोली बरोबर निम्मी दिसते, म्हणजे चौरस फरशी दुप्पट रुंद आणि एकपट उंच अशा शंकरपाळ्यासारखी दिसते. ठिपक्यांच्या चित्रात ती रेष स्वच्छ पडते : दोन ठिपके आडवे, एक उभा. फक्त ब्लेंडर आणि गोडोट हाच कोन वेगळा मोजतात. ब्लेंडरचा कॅमेरा मुळात सरळ खाली बघतो, म्हणून तिथे एक्स अक्षावर ६० लिहायचं. गोडोटचा समोर बघतो, म्हणून तिथे उणे ३०. माझी एक अख्खी संध्याकाळ या दोन आकड्यांनी खाल्ली.

आता आजीचा पुठ्ठा इथे उभा करा. बिलबोर्ड नावाची सोय चालू केली की पुठ्ठा कॅमेऱ्याकडे तोंड करतो. पण कॅमेरा वरून बघतोय, त्यामुळे पुठ्ठा मागे रेलतो. पाय जागेवर आणि डोकं मागे. आजी भिंतीला टेकून उभी राहिली की तिचा अंबाडा चिऱ्यात घुसायचा. म्हणून वाय-बिलबोर्ड निवडा. त्यात पुठ्ठा फक्त उभ्या अक्षावर फिरतो, रेलत नाही. मग दुसरी अडचण : उभी वस्तू वरून बघितली की बुटकी दिसते. ३० अंशांत ती सुमारे ८७ टक्के होते, ४५ अंशांत ७१. तेवढी आधीच ताणून ठेवा : ३० अंशांसाठी उंचीला १.१५ ने गुणा, ४५ साठी १.४१ ने. आजी प्रत्यक्षात जरा लंबूटांग होते, पण ते मांडवातून कळत नाही.

दिशांचं आता. ‘डूम’च्या राक्षसांना आठ दिशा होत्या आणि बऱ्याच वेळा पाचच चित्रं काढून उरलेल्या तीन दिशा आरशासारख्या उलट्या करून भागवल्या होत्या. मीही तेच केलं. चालण्याची सहा चित्रं, पाच दिशा, तीस चित्रांत काम. मग आजी डावीकडे चालायला लागली आणि पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर गेला. आमच्या शेजारच्या काकूंनी हे पहिल्या फटक्यात पकडलं : “अगो, ही पदर बदलत बदलत कुठे चाललीय?” राक्षसाला पदर नसतो. मी निमूट अठ्ठेचाळीस चित्रं काढली. तुमच्या पात्राच्या अंगावर एका बाजूचं काही असेल, पदर, जानवं, काखेतली छत्री, तर आरशाच्या नादी लागू नका.

कुठली दिशा दाखवायची हे काढणं सोपं आहे. पात्राच्या तोंडाच्या कोनातून कॅमेऱ्याचा कोन वजा करा, ४५ ने भागा, जवळच्या पूर्णांकावर आणा. मात्र दोन दिशांच्या सीमेवर चित्र फडफडतं. दिशा बदलण्याआधी सीमेपलीकडे चार-पाच अंश जाऊ द्या, मगच बदला.

ठिपक्याचा आकारही सगळीकडे एकच हवा. गोडोटमध्ये पिक्सेल साइझ मुळात ०.०१ असते, म्हणजे १०० ठिपक्यांचा एक मीटर. माझी आजी १५० ठिपके उंच आहे. मग समईपासून फेरीबोटीपर्यंत प्रत्येक वस्तूवर मीटरला १०० ठिपकेच. एखादं मॉडेल फार बारकाव्याचं आलं की ते दुसऱ्याच खेळातून पाहुणं आल्यासारखं दिसतं.

पाय जमिनीला लागत नाहीत

सगळं जमलं असं वाटलं तेव्हा बाबांना दाखवलं. आम्ही घरी कोंकणी बोलतो. त्यांनी चष्मा पुसला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “हें खरें दिसना.” का, ते त्यांनी बोटानेच दाखवलं : आजीच्या पायाखाली.

सपाट आणि थ्रीडी यांचा सांधा निखळतो तो पायाशी. पुठ्ठ्याला खऱ्या दिव्याची सावली पाडू दिली की दिवा बाजूला असताना सावली काडीसारखी पडते, कारण दिव्याला पुठ्ठ्याची फक्त कड दिसते. त्यामुळे आजीची सावली फिरताना जाड-बारीक होत होती. दोन पुठ्ठे करा. दिसणाऱ्या पुठ्ठ्याची सावली बंद. त्याच जागी दुसरा पुठ्ठा ठेवा, तो कॅमेऱ्याकडे तोंड न करता सूर्याकडे तोंड करून उभा, आणि त्याला शॅडोज ओन्ली लावा. तो स्वतः दिसत नाही, सावली मात्र भरदार पाडतो. वर पायाखाली एक मऊ लंबगोल डाग द्या, अगदी फिकट. उन्हाची सावली लांब पडते, हा डाग पायाला चिकटून राहतो, आणि नजर त्याच्यावरच विश्वास ठेवते.

मग उजेडाची बाजू. एका गावच्या उत्सवात दिवे लावणाऱ्याने ऐनवेळी सगळे हॅलोजन उजवीकडे बांधले. बाबांनी रंगवलेल्या खांबांवर उजेड डावीकडचा. राजाची सावली एकीकडे, खांबांची दुसरीकडे. प्रेक्षकांत कुणी बोललं नाही, पण त्यानंतर बाबा खांबांवर उजेड रंगवेनासे झाले. फक्त कोपऱ्या-खाचांतला मळकटपणा रंगवायचे, बाकीचं दिव्यांवर सोडायचे. पुठ्ठ्यांसाठी हाच नियम धरा. चित्रात ठळक ऊन-सावली भाजून टाकू नका. स्प्राइटचं शेडेड चालू करा आणि जमलं तर नॉर्मल मॅप जोडा. कुठला ठिपका कुठल्या दिशेला तोंड करून आहे हे रंगात लिहिलेलं ते जोडचित्र असतं. आजी समईजवळून गेली की तिच्या गालावर उजेड फिरतो आणि ती पुठ्ठ्याची आहे हे क्षणभर विसरायला होतं. आठ दिशांना आठ नॉर्मल मॅप काढायचा धीर नसेल तर निदान पात्राच्या एका कडेला समईचा पिवळा रंग चढवणारा साधा शेडर, म्हणजे ठिपक्यांचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम, लिहा. ‘ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर’ने २०१८ मध्ये ठिपक्यांची माणसं थ्रीडी उजेडात आणि मागच्या-पुढच्या धूसरपणात बसवून दाखवली, तेव्हापासून लोकांची अपेक्षाही वाढली आहे.

देऊळ

प्राकारातला कॅमेरा वळत नाही, म्हणून देऊळ आधी मॉडेल करून मग त्याचं चित्रच करून टाकलं. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ समोर ठेवून एक तसाच ब्लेंडरमध्ये उभारला, मघाच्याच कोनातून त्याचं चित्र (रेंडर) काढलं आणि चुन्याचे ओघळ, शेवाळ, पणत्यांची काजळी हाताने वरून रंगवली. मॉडेल कच्चं असलं तरी चालतं, भूमिती त्याची आणि जीव ब्रशचा. १९९४ च्या ‘डाँकी काँग कंट्री’मधली माकडं अशीच महागड्या सिलिकॉन ग्राफिक्स संगणकांवर थ्रीडीत घडवून सपाट केलेली होती, आणि ‘डेड सेल्स’ने २०१८ मध्येही थ्रीडी बाहुल्यांवरून ठिपक्यांची चित्रं काढली.

आजी स्तंभामागे गेली की लपली पाहिजे. त्यासाठी स्तंभ, तुळशीवृंदावन आणि सभामंडपाचे पुढचे खांब चित्रातून वेगळे कापले आणि प्रत्येकाचा पुठ्ठा त्याच्या पायथ्याच्या जागी उभा केला. ऑर्थोगोनल कॅमेऱ्याचा इथे मोठा फायदा : पुठ्ठा कॅमेऱ्याच्या नजरेच्या रेषेत पुढे-मागे सरकवला तरी पडद्यावर तो तसूभर हलत नाही, फक्त कोण कोणामागे हे बदलतं. त्यामुळे चित्र न बिघडवता क्रम हवा तसा लावता येतो. पर्स्पेक्टिव्हमध्ये ही सवलत नाही.

फेरीबोट

धक्क्यावरून सुटताना बोट वळते. वळताना तिची पुढची फळी, बाजू, केबिन सगळं दिसतं, म्हणून ती सपाट काढायचा हट्ट मी सोडला. इथे काम उलटं : थ्रीडी वस्तूला हाताने काढल्यासारखं दाखवायचं. उजेडाच्या दोनच पायऱ्या ठेवा, ऊन आणि सावली, मधली मऊ छटा काढून टाका. बाह्यरेषेसाठी मॉडेलची थोडी फुगवलेली प्रत घ्या, तिचे पृष्ठभाग आतून बाहेर उलटे करा आणि काळा रंग द्या. ब्लेंडरमध्ये सॉलिडिफाय मॉडिफायर हे करतो. रेष अगदी काळी घेऊ नका, आजीच्या रेषेचाच तपकिरी घ्या.

तरीही बोट परकी वाटत होती, आणि कारण सापडायला मला महिना लागला. आजीची चित्रं सेकंदाला ८ बदलतात. बोट लोण्यासारखी ६० ने हलत होती. २०१४ च्या ‘गिल्टी गियर एक्सआरडी’मधली माणसं पूर्ण थ्रीडी असून कागदावरची वाटतात, त्यामागे हेच एक मोठं कारण आहे : दोन पोझांच्या मधली हालचाल त्यांनी संगणकाला भरू दिली नाही. ब्लेंडरमध्ये कीफ्रेमचं इंटरपोलेशन, म्हणजे दोन पोझांमधलं हे भरणं, कॉन्स्टंट करा आणि २४ च्या गतीत प्रत्येक पोझ तीन फ्रेम धरून ठेवा, की ८ झाले. बोटीचा हेलकावा आणि फळीची उघडझाप मी अशी केली. पाण्यावरून पुढे सरकणं मात्र सलग ठेवलं. तेही तुटक केलं तर बोट अडखळते आणि खेळाडूला वाटतं आपलाच संगणक बंद पडतोय.

शेवटचा सांधा पाण्याचा. बोट थ्रीडी, मांडवी नदी थ्रीडीच्या सपाट पृष्ठभागावर रंगवलेली, आणि बोटीचा तळ पाण्याला सुरीने कापल्यासारखा भेटत होता. म्हणून बोटीच्या पुढ्यात, कॅमेऱ्याच्या बाजूला, लाटांची एक अरुंद सपाट पट्टी उभी केली, हाताने काढलेली, चार चित्रांची, तीही ८ च्या गतीने. तळाचे पहिले दहा-बारा ठिपके ती झाकते. पट्टी इंजिनमध्ये बोटीच्या नोडखाली जोडून (चाइल्ड करून) ठेवा म्हणजे ती बोटीबरोबर सरकेल, पण हेलकावा तिला देऊ नका, नाहीतर पाणीसुद्धा बोटीबरोबर डुलायला लागतं.